मदत हवी आहे: पावसाळ्यात ओल्या कचऱ्याच्या खतासाठी कोरडा माल कोणता वापरता?

प्रश्न मालवणकडच्या घरासाठी आहे. 20 लिटरची झाकणाची बादली, तळाला आणि बाजूंना 6 मिमीची भोकं, खाली दोन विटा, आत चार बोटं नारळाच्या सोडणांचे (वरच्या काथ्याच्या सालींचे) तुकडे. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या आंब्या-काजूचा चुरलेला पातेरा (वाळका पालापाचोळा). मे अखेरपर्यंत हे उत्तम चालतं. जूनपासून पडवीतला पातेराही दमट होतो, थर दबून बसतात, हवा खेळत नाही आणि आंबूस वास सुटतो. मूठभर माल पिळला की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कोरडा माल कमी पडलाय.

भाताचं तूस थर मोकळे ठेवतं, पण पाणी फारसं शोषत नाही. काथ्याचा भुसा भरपूर शोषतो, मात्र सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर आधी गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवायला हवा, नाहीतर मीठ झाडांना बाधतं. आणि धुतलेला भुसा पावसात सुकवायचा कुठे? प्लायवूडचा भुसा डिंकामुळे नको. काजूबियांची टरफलं तर मुळीच नकोत, त्यांतल्या तेलाने कातडी भाजते.

तूस आणि काथ्याचा भुसा कोणत्या प्रमाणात मिसळता? गणपतीपर्यंत पुरेल इतका पातेरा झाकणाच्या पिंपात भरता, की चुलीवरच्या माळ्यावर? कोळंबीची टरफलं आणि माशांची आतडी हातभर खोल पुरणं बरं, पण जुलैत खड्ड्यातच पाणी लागतं. तिथे काय करता?