जुन्या खिडकीच्या काचेवर उलटं पेंटिंग केलं, आता रंग सुटतोय

तावदान_वेडी: एका पाडकामातून जुन्या खिडकीची झडप उचलून आणली, चार तावदानं, लाकडी चौकट शाबूत. मागच्या बाजूने अॅक्रिलिकने एक म्हातारी रंगवली, म्हणजे रंग काचेच्या मागे आणि बघायचं पुढून. आधी उत्साहात चेहऱ्याचा रंग भरून टाकला नि मग डोळे काढले, पुढून बघते तर डोळे गायब, चेहऱ्याच्या रंगामागे गेले ना ते. हसू नका. ते पुसून परत केलं. पण खरा वैताग वेगळाच, दीड महिन्यात खालच्या दोन तावदानांवरचा रंग कडेने सुटायला लागलाय, नख लावलं की प्लास्टिकसारखा अख्खा निघतो. वरची दोन ठणठणीत. चारही सारखीच रंगवली होती, मग असं का?

उलटा_ब्रश: झडप टांगलीय कुठे?

तावदान_वेडी: बाथरूमच्या खिडकीला लावून. उजेड मस्त येतो तिथे.

उलटा_ब्रश: मग झालं. वाफ काचेवर जमते, ओघळून खाली येते आणि चौकटीच्या खाचेत साचते, म्हणून खालची आधी गेली, वरची पण जातील. काच पाणी पित नाही, रंगाला आत शिरून धरायला काही नसतं, नुसता वरवर चिकटलेला असतो, आणि अॅक्रिलिक ओलीने मऊ पडतं. आधी झडप तिथून काढा. पुढच्या वेळी काच भांड्याच्या साबणाने धुवा, वाळली की स्पिरिटने पुसा, नंतर बोट लावायचं नाही. चमक आणणारे स्प्रे नकोत, त्यांचा थर राहतो. रंग पातळ, थर कमी. तैलरंग किंवा एनॅमल काचेला जास्त चांगले धरतात, फक्त वाळायला वेळ लागतो आणि घाई केली तर थर एकमेकांत कालवतात. मागे पुठ्ठा लावणार असाल तर रंगाला टेकवू नका, मधे फट ठेवा.

जुनी_काच: डोळ्यांचं ऐकून मला माझं पहिलं काम आठवलं, मी तर सही सगळ्यात शेवटी केली होती 😅 यात सगळा क्रम उलटा असतो, डोळ्यातला पांढरा ठिपका, पापण्या, सुरकुत्या, सही हे आधी, मग गाल, मग केस, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. कॅनव्हासवर चुकलं तर वरून झाकता येतं, इथे पहिला फटकाराच कायम समोर राहतो. जर्मनीतल्या बव्हेरियातले लोक अशीच काचेवर संतांची चित्रं काढायचे, काचेखाली रेखाटन ठेवून आधी बाह्यरेषा उतरवायचे, त्यामुळे एकच संत कितीतरी घरांत जवळपास तसाच सापडतो. कँडिन्स्की आणि म्युंटर हे चित्रकार तिथल्याच म्युर्नाउ गावात राहायला लागल्यावर हेच बघून स्वतः काचेवर काढायला लागले, 1912 च्या 'ब्लाउए राइटर' या त्यांच्या कलागटाच्या अंकात ती लोकचित्रं छापलीत. तर तू पण कागद ठेव खाली, आणि काचेच्या पुढे आरसा उभा कर, म्हणजे मागून रंगवताना पुढचं दिसतं, मान वाकवून बघत बसायला नको.

आणि हो, तिरका उजेड टाकून बघ, वरच्या तावदानांत लाटा दिसतात का? दिसल्या तर ती बहुधा जुन्या पद्धतीने बनवलेली असणार, फ्लोट काच (वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवलेली) नाही, ती अगदी सपाट असते, पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने ती पद्धत 1959 ला जाहीर केली. लाटा असतील तर म्हातारीचं तोंड त्यातून थोडं हलल्यासारखं दिसेल, मला तरी तेच आवडतं, नवी काच विकत आणून केलेलं काम सपाट वाटतं.

भंगारवेल्हाळ: सगळे रंगावर बोलताय पण चौकटीचं काय? जुन्या लाकडावरच्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं करून घासा, मास्क लावा, पोरं लांब ठेवा. आणि काच बसवायची लांबी (पुट्टी) सुकून तडकली असेल तर तावदान निसटेल, ती आधी नीट करा, मग टांगा. हूक लाकडात, काचेवर भार नको.

तावदान_वेडी: लाटा आहेत! वरच्या दोन्हीत, खालची दोन अगदी सपाट, म्हणजे कधीतरी बदललेली दिसतायत. झडप हॉलमध्ये आणलीय. खालचा रंग खरवडून परत करते, यावेळी एनॅमल. वरच्यांना हात लावत नाही, म्हातारीचे डोळे तिथेच आहेत. सही उलटी लिहायची प्रॅक्टिस चाललीय, 'र' काही केल्या जमत नाहीये.