बीसीए झालं, आता कॉम्प्युटर फॉरेन्सिक करावं का?

वऱ्हाडी_पोट्टा: दारव्ह्याले राह्यतो. कॉम्प्युटर फॉरेन्सिक, म्हंजे कॉम्प्युटरातून गुन्ह्याचे पुरावे काढाचं काम, शिकाचं हाय पण बाबा म्हणतात ते पोलिसायचं काम, अन् माह्या लॅपटॉपले रॅम ४ जीबी. नागपूरले काही हाय का पुण्यालेच जा लागते?

संत्राबर्फी: पुण्याले कायले जातं, नागपूरले सरकारी फॉरेन्सिक सायन्सची संस्था हाय ना, डिजिटल-सायबरचा पीजी डिप्लोमा तिथंच हाय. तोवर ऑटोप्सी नावाचं फॉरेन्सिक सॉफ्टवेअर टाकून पाय, फुकट हाय, ४ जीबीवर रांगन पण छोट्या पेनड्राइव्हची इमेज, म्हंजे हुबेहूब कॉपी, उघडन. डिलीट केलेली फाइल लगेच पुसल्या जात नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिल्या जाईपर्यंत डेटा बहुतेक तसाच राह्यते, तोच काढाचा असते.

कोर्टाचा_चहा: टूल सारेच शिकतात, कायदा कोणी वाचत नाही राजेहो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू हाय, त्याचं कलम ६३ पाय, डिजिटल पुराव्यासोबतच्या सर्टिफिकेटमध्ये हॅश, म्हंजे डेटावरून निघणारा ठशासारखा कोड, लिवा लागते. म्हणून मूळ डिस्कले हात नाही लावाचा, राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं यंत्र) लावून कॉपी घ्याची अन् दोघायचा हॅश जुळवाचा, नाहीतर समोरचा वकील सोडत नाही.

वऱ्हाडी_पोट्टा: राइट ब्लॉकर महाग असन ना?

संत्राबर्फी: घरी शिकाले नाही लागत बे. लिनक्सवर डिस्क रीड-ओन्ली माउंट कर, म्हंजे फक्त वाचाले जोड, भागते. केसमध्ये मात्र तसं नको करू.