घाम येणं हे 'अनुकूलन' की 'समस्थिती'?

प्रश्न : मुलाच्या सातवीच्या विज्ञानात 'अनुकूलन' आहे. मी त्याला उदाहरण दिलं, उन्हाळ्यात घाम येतो तसं. तो म्हणाला, मग कूलरपुढे बसलं की ते थांबतं कसं? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : ताई, त्याची शंका अगदी रास्त आहे. अंगात घामाच्या ग्रंथी असणं हे अनुकूलन. त्याला हजारो पिढ्या लागल्या. पण मे महिन्यात नागपुरात बर्डीच्या बाजारातून घरी येईस्तोवर पाठ ओलीचिंब होते, ती समस्थिती, म्हणजे शरीराची आतली स्थिती जवळपास सारखी, राखण्याची धडपड. बाहेर ४५ अंश असले तरी आत ३७ च्या आसपासच राहायला हवं. कूलरपुढे ती धडपड लागत नाही, म्हणून घाम थांबतो.

'अनुकूल'मधलं 'कूल' म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून जातं ते अनुकूल, उलट जातं ते प्रतिकूल. अनुकूलनात जीव परिस्थितीप्रमाणे बदलतो. 'वातानुकूलित'मध्ये मात्र आपण हवाच बदलतो, आणि मुलांचा घोटाळा इथेच होतो.

'समस्थिती'चा इंग्रजी प्रतिशब्द होमिओस्टॅसिस. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तो १९२६ मध्ये घडवला. त्यांनी मुद्दाम 'तंतोतंत तीच' ऐवजी 'सारखी' या अर्थाचं ग्रीक पद घेतलं. आपलंही तापमान पहाटे थोडं उतरतं, संध्याकाळी चढतं. म्हणून 'सम' म्हणजे 'जवळपास सारखी' असं समजावं, आणि नुसतं 'समस्थिती' न म्हणता 'समस्थिती राखणं' म्हणावं. त्यात काम दिसतं.

दुसरा अभिप्राय : या दोहोंच्या मधला शब्द आपल्या घरातच आहे, 'मानवणं'. बाहेरगावचा पाहुणा उन्हाळ्यात नागपुरात आला की आधी हैराण होतो. दहा-पंधरा दिवस उन्हात वावरला की त्याला घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. आजी म्हणायची, "आता हवा मानवली त्याला." यासाठी नवा जड शब्द घडवू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माठही पाझरूनच गार होतो. त्याचीही समस्थितीच का?

उत्तर : नाही. पाणी किती गार झालं हे माठाला कळत नाही. डिसेंबरातही तो पाझरतच राहतो. शरीराला कळतं आणि ते उलटही वळतं. थंडीच्या पहाटे घाम बंद होतो, हुडहुडी भरते आणि स्नायूंच्या त्या थरथरण्यातून ऊब तयार होते. कावळ्याला तर घामाच्या ग्रंथीच नाहीत. भर दुपारी तो कूलरच्या टाकीवर चोच उघडी टाकून भराभर धापा टाकत बसतो. तोंडातला ओलावा उडवून तो आतली उष्णता बाहेर टाकत असतो. मुलाला तो दाखवा.