मदत हवी आहे: पणजोबांचं मूळ आडनाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा प्लेगच्या साली, म्हणजे 1897 च्या आसपास, वाईजवळच्या आमच्या गावात एकटेच आले. कुठून आले, का आले, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. गावाच्या नावाला 'कर' जोडून त्यांनी आडनाव लावलं, तेच आम्ही आजवर लावतो. गोत्र ठाऊक नाही म्हणून श्राद्धाला भटजी काश्यप म्हणतात. वडिलांना ते दर वर्षी लागतं, आणि मलाही.

तहसीलमध्ये कोतवाल बुकात (गाव नमुना 14) मृत्यूची नोंद मिळाली, पण जन्मगाव नाही. जमिनीच्या कागदांवर सगळीकडे त्यांचा अंगठाच आहे. आजी सांगायची, त्यांना अक्षर येत नव्हतं. आणि आता ट्रंकेच्या तळाशी, देवाच्या टाकाला गुंडाळलेला एक कागद सापडलाय. घोटीव, सराईत मोडी! टाक चांदीचा, घोड्यावरचा खंडोबा, चेहरा पार झिजलेला. तो कागद त्यांच्याच हातचा असेल, तर त्यांनी जन्मभर अंगठा का उठवला?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळीच्या वह्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यांच्या नोंदी, आडनाव आणि गावावरून लावलेल्या असतात. मूळ आडनावच माहीत नसताना, फक्त आताच्या गावावरून कोणाला नामावळ मिळाली आहे का? मोडी वाचणारं कोणी आहे का? कागद घडीवर फाटत चाललाय, तो उलगडून फोटो कसा काढावा हेही सांगा. वडील आता 84 वर्षांचे आहेत. त्यांच्या हयातीत कळावं एवढीच इच्छा आहे.