मुलगी एफ.वाय.ला आहे, विद्यापीठाच्या कार्यक्रमांपैकी कशात नाव द्यायला सांगू?

गोमाईकाठ:
नमस्कार मंडळी. मी शहाद्याकडचा, शेती करतो. थोरली पोरगी यंदा एफ.वाय. बीएस्सीला गेली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच, त्यामुळे मला विचारायला घरात दुसरं कोणी नाही. कॉलेज जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. परवा तिने कॉलेजच्या ग्रुपवरची सूचना दाखवली. युवारंग, आविष्कार, रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर, वक्तृत्व, कार्यशाळा, आणि तिला सगळ्यांतच नाव द्यायचंय. प्रॅक्टिकलं बुडतील ही माझी काळजी, जळगाव लांब पडतं ही तिच्या आईची. पोरगी गाते बरी. आजीकडून अहिराणी आणि पावरी (सातपुड्यातल्या पावरा लोकांच्या बोलीतली) गाणी शिकलीय. सुट्टीत मामाकडे नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर हिशोबाला बसते. एवढ्यातून काय निवडावं आणि मुक्कामाचं कसं असतं, ते अनुभवी लोकांनी सांगावं.

गिरणाकाठ:
दादा, आधी युवारंगचं सांगतो, कारण मी तीन वर्षं कॉलेजच्या संघात ढोलकीला होतो. युवारंग म्हणजे आपल्या विद्यापीठाचा युवक महोत्सव. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं उतरतात. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे पाच गट. निवडलेली पोरं पुढे 'इंद्रधनुष्य'ला जातात, म्हणजे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांच्या महोत्सवाला. तो राज्यपालांच्या पुढाकाराने 2003 पासून चालतो.

आता नीट ऐका. आजीकडची गाणी ही पोरीची खरी पुंजी आहे. दरवर्षी निम्मी कॉलेजं मोबाईलवर ऐकलेली तीच ती लोकगीतं बसवतात. सातपुड्यातलं पावरी गाणं जशाच्या तशा चालीत, खऱ्या वाद्यावर उभं राहिलं की मंडपातले लोक खुर्चीतून पुढे सरकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त एक करा, गाण्याचा अर्थ आणि ते कोणत्या सणाला, कोणत्या कामाला म्हणतात हे तिला आजीसमोर बसून लिहून घ्यायला लावा. स्पर्धेत उपयोग होवो न होवो, ते लिहून ठेवणं गरजेचंच आहे.

नावं कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे द्यायची असतात. कॉलेजातली निवड महोत्सवाच्या किती तरी आधी उरकते. महोत्सवाचं पत्रक हातात आल्यावर जी पोरं धावतात त्यांना संघात जागा नसते. तिला याच आठवड्यात जाऊन भेटायला सांगा.

पांझरा:
मुक्कामाची काळजी वहिनींनी करू नये. संघाबरोबर प्राध्यापक असतात, मुली असल्या की मॅडम बरोबर जातात, राहण्याजेवणाची सोय यजमान कॉलेज करतं. निघण्याआधी मॅडमचा नंबर मात्र घरी लिहून ठेवा.

रासेयोत नाव जरूर द्या. वर्षभराचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. घराबाहेर राहायची सवय तिथे लागते, तीही गावातच, ओळखीच्या पोरींबरोबर. पहिल्या वर्षाला माझ्या मते हेच सगळ्यात चांगलं. आईचा जीवही हळूहळू भांड्यात पडतो.

बोरीकाठ:
मी अमळनेरची. आविष्कारबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, आणि जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडच्या पोरांना 'संशोधन' म्हटलं की ते आपलं नव्हे असंच वाटतं. मलाही वाटायचं.

आविष्कार ही संशोधन स्पर्धा. तीही राज्यपालांच्याच पुढाकाराची, 2006 पासूनची. कॉलेज, मग विद्यापीठ, मग राज्य अशा पायऱ्या आहेत. सहा गट असतात: मानव्यविद्या-भाषा-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, आणि वैद्यक व औषधनिर्माण. पदवीच्या मुलांचा स्तर वेगळा, पदव्युत्तरांचा वेगळा. त्यामुळे एफ.वाय.च्या पोरीला एमएस्सीवाल्यांशी टक्कर द्यावी लागत नाही. भित्तिपत्रक किंवा प्रतिकृती मांडायची आणि परीक्षक समोर आले की समजावून सांगायचं.

गोमाईकाठ दादा, तुमच्या पोरीचा विषय तुम्हीच लिहून टाकलाय! पथारी. ओली लाल मिरची उघड्यावर पसरतात आणि ऐन हंगामात अवकाळी आला की माल काळा पडतो, बुरशी धरतो. हे तिने बसून पाहिलंय. एकाच ढिगातली मिरची तीन प्रकारे वाळवायची: जमिनीवर, ताडपत्रीवर, आणि जाळीच्या मांडवावर उंच. रोज ठरल्या वेळी वजन करायचं. किती दिवसांत किती ओल गेली, किती मिरच्या डागाळल्या, हे वहीत टिपायचं. तराजू आणि वही एवढंच सामान. बुरशीचं पुढचं काम कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून करता येईल. परीक्षक सगळ्यात आधी 'यात तू स्वतः काय केलंस?' हेच विचारतात, आणि इंटरनेटवरून उतरवलेले प्रकल्प तिथेच अडकतात. तिला उत्तर पाठ करावं लागणार नाही.

माझा अनुभव सांगते. आमच्या कॉलेजात आविष्कारची सूचना फलकावर लागली ती मुदत संपल्यावर. माझं आठ महिन्यांचं काम त्या वर्षी तसंच राहिलं, फार रडले होते. पुढच्या वर्षी मीच दर आठवड्याला विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडून परिपत्रकं बघायला लागले. तिलाही ती सवय लावा, सूचना आपल्यापर्यंत येईल म्हणून थांबू नका. विद्यापीठापर्यंत पोहोचले तेव्हा मी मराठीतच बोलले, परीक्षकांनी प्रश्नही मराठीतच विचारले. इंग्रजीच्या भीतीने मागे राहू नये.

आणखी एक. विद्यापीठाचे कार्यक्रम म्हणजे फक्त जळगावचा परिसर नव्हे. आमच्या गावचं तत्त्वज्ञान केंद्र विद्यापीठाशी जोडलेलं आहे. श्रीमंत प्रतापशेठांनी 1916 मध्ये ही संस्था काढली. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ इथे येऊन राहिले, साने गुरुजीही आधी इथे शिकायला आले आणि मग प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. व्याख्यान असेल तेव्हा विज्ञानाच्या पोरीनेही येऊन बसावं.

पांझरा:
हेच धुळ्यालाही. राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. कॉलेजची सहल येणार असेल तर सोडू नये. बोरीकाठ ताई, पथारीचा विषय फार आवडला.

गिरणाकाठ:
तारखांचं राहिलं. 15 ऑगस्ट हा विद्यापीठाचा स्थापना दिवस, 1990 चा. 24 ऑगस्टला बहिणाबाईंची जयंती. 2018 मध्ये विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, तेव्हापासून हा दिवस आम्हाला घरचाच वाटतो. 24 सप्टेंबर रासेयो दिन, 27 फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, 28 ला विज्ञान दिन. हे दिवस ठरलेले, यांना कॉलेजातच कार्यक्रम असतात आणि पैसा लागत नाही. युवारंग आणि आविष्कारच्या तारखा परिपत्रकातून कळतात.

यायचं तर दोंडाईच्याहून रेल्वे धरा, अमळनेर-धरणगाव करत जळगाव. विद्यापीठ जळगाव-धुळे महामार्गालाच लागून आहे. हिवाळ्यात आलात तर असोद्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय परत जायचं नाही. असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, पोरीला तेही दाखवा.

गोमाईकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री पोरीला सगळं वाचून दाखवलं. पथारीचं वाचल्यावर ती गप्प झाली आणि मग वही घेऊन बसली. असं ठरतंय: रासेयो नक्की, आविष्कारला मिरची, आणि युवारंगला कॉलेजने घेतलं तर गाणं. वक्तृत्व यंदा नको. बोरीकाठ ताई, एक विचारतो. वजन करायला मामाचा काटा चालेल का? तो पोत्यांचा आहे, मोठा.

बोरीकाठ:
नाही दादा, त्यावर पाव-अर्ध्या किलोचा फरक कळणार नाही. सोनाराकडे नाही तर किराणा दुकानात असतो तसला ग्रॅम दाखवणारा काटा हवा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असेल, पण तो रोज पथारीवर नेता येणार नाही. म्हणून प्रत्येक प्रकारातून एक-एक किलोचा नमुना खुणेच्या जाळीत वेगळा वाळवा आणि तेवढाच किराणा दुकानात रोज मोजून आणा. वेळ एकच ठेवा, सकाळची. दव सुकल्यावर.

गोमाईकाठ:
दुकान चुलतभावाचंच आहे, काम झालं. पोरगी म्हणते, दव सुकायची वेळही रोज वहीत लिहीन.

बोरीकाठ:
लिहू द्या. बठ्ठं कामात येस, सगळंच कामाला येतं.