पॉलिपायरोलच्या थरात बसवलेले ग्लुकोज ऑक्सिडेज चार दिवसांत निकामी होते; चूक नेमकी कुठे असावी?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, सांगली)

नमस्कार. प्रकल्पासाठी मी उसाच्या रसातील ग्लुकोज मोजणारा बायोसेन्सर तयार करते आहे. आमच्याकडे तोडलेला ऊस गाळपाला जाईपर्यंत कधी कधी दिवसभर उन्हात उभा राहतो आणि तेवढ्या वेळात साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज वाढत जाते. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर विरघळलेले एकूण पदार्थ दाखवतो, त्यावरून ऊस शिळा आहे की ताजा हे कळत नाही, म्हणून हा विषय मी घेतला.

प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पायरोल ०.७५ व्होल्टला वाढवून आधी पॉलिपायरोल या वीजवाहक बहुवारिकाचा साधा थर आणि त्यावर एन्झाइम (ग्लुकोज ऑक्सिडेज) मिसळलेला दुसरा थर दिला. हे एन्झाइम ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि त्याचा प्लॅटिनमवर मिळणारा प्रवाह मी मोजते. पहिल्या दिवशी विद्युतप्रवाह उत्तम मिळाला. चौथ्या दिवशी तो एक तृतीयांशही उरला नाही. शिवाय एन्झाइम नसलेला इलेक्ट्रोडसुद्धा रसात बुडवताच प्रवाह दाखवतो. पॉलिअॅनिलीन हे दुसरे वीजवाहक बहुवारिक वापरून पाहावे का?

उत्तर १ (संशोधक, सातारा)

पॉलिअॅनिलीनकडे वळू नये, असे माझे मत आहे. ते वाढवायला आम्ल माध्यम लागते, जे एन्झाइमला सोसत नाही, आणि उदासीन बफरमध्ये त्याची वाहकताच जाते. पायरोलचे बहुवारिकीकरण मात्र सामू ७ च्या आसपास होते. म्हणूनच फोल्ड्स आणि लोव यांनी १९८६ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज त्यात अडकवून दाखवले, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

आधी निदान करावे. प्रवाह कमी होण्याची कारणे दोन असू शकतात : एन्झाइम धुपून जाणे, किंवा प्लॅटिनमचा पृष्ठभाग मळणे. नव्या आणि जुन्या इलेक्ट्रोडला ग्लुकोज न देता हायड्रोजन पेरॉक्साइडची सारखी मात्रा द्यावी. दोन्हींचा प्रवाह सारखा आला तर प्लॅटिनम ठीक आहे आणि दोष एन्झाइमच्या थरात आहे. मग ज्या बफरमध्ये इलेक्ट्रोड रात्रभर ठेवला होता त्याच बफरमध्ये ग्लुकोज घालून, ढवळत ठेवून, कोरा प्लॅटिनम ०.६५ व्होल्टला बुडवावा. प्रवाह हळूहळू चढू लागला तर एन्झाइम थरातून सुटून बफरमध्ये उतरले आहे, हे डोळ्यांसमोर सिद्ध होते. मला स्वतःला या चाचणीने दोन महिने वाचवले असते; मी ती फार उशिरा केली.

एन्झाइमचा समविद्युत बिंदू (ज्या सामूला त्यावरचा एकूण भार शून्य असतो तो) सुमारे ४.२ असल्याने सामू ७ ला त्यावर ऋणभार असतो आणि तो धनभारित पॉलिपायरोलला धरून राहतो. परंतु थराचे ऑक्सिडीकरण वाढत गेले की हा धनभार नाहीसा होतो. ही पकड कायमची समजू नये.

उत्तर २ (रसायनशास्त्राचे प्राध्यापक, सांगली)

एन्झाइम नसलेल्या इलेक्ट्रोडचा प्रवाह हा रसातील अॅस्कॉर्बिक आम्ल आणि पॉलिफिनॉल यांचा आहे. पेरॉक्साइड मोजण्याच्या व्होल्टेजला तेही ऑक्सिडीकृत होतात. यावर उपाय थरांच्या क्रमात आहे. खालचा पॉलिपायरोलचा थर पायरोल नसलेल्या बफरमध्ये जास्त व्होल्टेजला, प्रवाह पार उतरेपर्यंत ठेवावा. तो वाहक राहत नाही, पण अॅस्कॉर्बेटसारख्या ऋणभारित कणांना अडवतो आणि पेरॉक्साइडच्या लहान रेणूंना प्लॅटिनमपर्यंत जाऊ देतो. हे काम एन्झाइम बसवण्याआधीच उरकावे, नाहीतर ते त्यात होरपळेल. अशा निरोधक थरावर दुसरा पॉलिपायरोल नीट वाढत नाही. त्यामुळे वर एन्झाइम आणि बोवाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातील प्रथिन) यांचे मिश्रण थेंबाने टाकून ग्लुटराल्डिहाइडने बांधावे. ग्लुटराल्डिहाइडचा हात सैल सोडू नये. जास्त झाले की एन्झाइम टिकते पण काम करत नाही. पॉलिफिनॉलचे रेणू बहुतांशी भाररहित असल्याने या थराला पुरते जुमानत नाहीत. त्यासाठी रस बफरमध्ये भरपूर विरल करावा आणि एन्झाइम नसलेल्या इलेक्ट्रोडचे वाचन वजा करावे.

आणखी एक गोष्ट, जी हमखास राहून जाते : प्रमाण ग्लुकोजचे द्रावण आदल्या रात्री करून ठेवावे. हे एन्झाइम ग्लुकोजच्या अल्फा आणि बीटा या दोन रूपांपैकी बीटा रूपावर काम करते आणि ताज्या द्रावणात अल्फा व बीटा यांचा समतोल साधलेला नसतो. पायरोल तपकिरी दिसत असेल तर ते ऊर्ध्वपातित करूनच वापरावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पेरॉक्साइडला दोन्ही इलेक्ट्रोडचा प्रवाह जवळजवळ सारखा आला आणि बफरच्या चाचणीत कोऱ्या प्लॅटिनमचा प्रवाह दहा मिनिटे सतत चढत राहिला. म्हणजे एन्झाइमच सुटत होते. माझ्या बाटलीतले पायरोल चहाच्या रंगाचे होते, तेही आज ऊर्ध्वपातित केले. सोमवारपासून ग्लुटराल्डिहाइडच्या तीन वेगवेगळ्या मात्रा घेऊन नवे इलेक्ट्रोड करते आणि चौथ्या दिवसाचे आकडे इथेच नोंदवते.