येवला दाखवायचंच, पण हिशेबासकट

दहावीच्या मुलांना एकदा नाशकाहून येवल्याला नेऊन पैठणीचे माग दाखवले की हस्तकलेतल्या करिअरची ओळख झाली, असं मानलं जातं. मला ते अपुरं वाटतं. मुलं फोटो काढतात, साडीची किंमत ऐकून थक्क होतात आणि घरी येतात. हे काम आपणही करू शकतो, हा विचार मनाला शिवत नाही.

त्याऐवजी एका विणकराजवळ तासभर बसू द्या. पदरावरचा एकच मोर बघायचा. प्रत्येक रंगाची कांडी (धागा गुंडाळलेली छोटी नळी) वेगळी. ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, नेमके धागे मोजून ती हाताने फिरवायची, शेजारच्या रंगात अडकवायची. म्हणून तर अस्सल हातमागाच्या पैठणीची मागची बाजूही स्वच्छ दिसते. मग त्यांना विचारू द्या: रेशीम आणि जरीची तार कोण आणतं? नक्षी कोण काढतं? मजुरी दिवसावर की साडीवर? विकणाऱ्याकडे किती जातं? (हा शेवटचा प्रश्न विचारायला शिक्षक उगाच कचरतात.) नाशकातल्या तांब्या-पितळेच्या कारागिरांकडेही हेच करता येईल.

शिक्षणाची वाटही सांगा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा बरीच मुलं दहावीच्या जादा गुणांसाठी देतात आणि रंगपेटी कायमची माळ्यावर टाकतात. कला शिकवणारं मुंबईचं १८५७ सालचं जे. जे., डिझाइन शिकवणारी अहमदाबादची १९६१ सालची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) ही नावं पालकसभेत यायला हवीत. एनआयडीची पदवी प्रवेश परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते, हे आठवीतच कानावर पडलं तर तयारीला वेळ मिळेल.